घरगुती ध्वनिमुद्रण : पातळीचा प्रश्न
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



मंजूर रकमेपलीकडे खर्च जाऊ नये, हे पाहण्यातच आमची नोकरी गेली. संगणकावरील ध्वनिमुद्रणाचा नियमही तोच. फक्त येथे पुरवणी मागणी मंजूर होत नाही. मापकावरील शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा. मुद्रण करताना आवाज तिच्यापुढे गेला की ध्वनिलहरींचे माथे सपाट छाटले जातात व तडतड तेवढी उरते. मागाहून पातळी कितीही उतरवली, तरी ती जात नाही.

फितीच्या काळची सवय येथे नडते. फितीची अंगभूत खरखर झाकण्यासाठी पातळी चढी ठेवीत, आणि थोडा अतिरेक फीत सोशीही. आता २४ बिटांच्या मुद्रणात तत्त्वतः सुमारे १४४ डेसिबलांचा पल्ला हाती असताना शून्याला भिडण्याचे प्रयोजनच काय? सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबलांच्या आसपास राहील, एवढाच गेन आम्ही ठेवतो.

जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत असणाऱ्या आजी आपल्या मंडळात आता मोजक्याच उरल्या आहेत. चाचणीसाठी ‘जरा म्हणून दाखवा’ म्हटले की त्या संकोचाने हळू म्हणतात. खरा गळा मोकळा होतो तो तिसऱ्या-चौथ्या ओवीला. नेमकी तीच बिघडली, तर ‘पुन्हा म्हणा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून त्या मोकळ्या गळ्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते.

मिश्रणात वेगळीच गंमत होते. गायन, पेटी, तबला स्वतंत्रपणे मर्यादेत असतात, पण एकत्र आले की बेरीज चढते. अगदी एकसारखे दोन ध्वनी मिळवले, तर पातळी ६ डेसिबलांनी वाढते. आम्ही गळा आधी बसवतो आणि बाकीची वाद्ये त्याच्याखाली आणतो. ‘पेटी वाढवा’ अशी सूचना पेटीवाल्यांकडून येतेच (ती नेहमीच येते!), तेव्हा इतर सारे थोडे उतरवावे, पेटी आपोआप वर येते. मात्र तुलना करताना दोन्ही मिश्रणे सारख्याच मोठेपणाने ऐकावीत, कारण मोठे वाजेल ते कानाला उगाच सरस वाटते.

पातळी माफक ठेवल्यावर पंख्याची घरघर मात्र क्षम्य ठरत नाही. आवाज वाढवला की तीही वाढते. तेव्हा उन्हाळ्यात आमच्या खोलीत मुद्रणासाठी येणाऱ्या आजींनी हातपंखाही बाहेरच ठेवून यावा, ही विनंती.