पहिली-दुसरीत मूल काय शिकतं?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, पार्किंग आणि थकलेला मेंटेनन्स या विषयांवर भरपूर बोललो. आज पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या बालमित्रांविषयी बोलावं म्हणतो.

सकाळी सातच्या सुमारास आपल्या गेटवर रिक्षा लागतात. कोणी कॉन्व्हेंटला जातं, कोणी दुसऱ्या इंग्रजी शाळेत, दोघं-तिघं मराठी शाळेत. नव्या आई-वडिलांचा मला ठरलेला प्रश्न असतो, "काका, पहिलीला कुठे घालावं?" मी शिक्षक नाही, बँकेत आयुष्य गेलं. पण या प्रश्नाचा एक मोठा प्रयोग मी जवळून पाहिलाय, तो सांगतो.

१९८९ साली माझी बदली मडगावला झाली. मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाणार होता. घरापासून पाच मिनिटांवर चर्चची प्राथमिक शाळा. शिस्त, स्वच्छता, मुलांशी मायेने वागणाऱ्या टीचर. आम्ही निश्चिंत होतो. आणि त्याच सुमारास गोव्यात माध्यमाचा वाद पेटला.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव सरकारी मराठी शाळा निघाल्या. ख्रिस्ती कुटुंबांचा ओढा मात्र चर्चच्या इंग्रजी शाळांकडे राहिला. १९८७ला देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वापरालाही कायद्यात जागा मिळाली. मग १९९०मध्ये सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर पहिली ते चौथी कोंकणी किंवा मराठीतून शिकवा. धर्मप्रांताच्या शाळांनी कोंकणी स्वीकारली. म्हणजे जी शाळा इंग्रजीसाठी निवडली, तिथे आमचे चिरंजीव कोंकणीतून शिकू लागले!

गंमत अशी की घरोघरी कोंकणी बोलणाऱ्या अनेक ख्रिस्ती टीचरनाही देवनागरी नवीनच होती. त्यांची प्रार्थनेची पुस्तकं, पत्रं, सगळं रोमन लिपीत. आमच्या शेजारच्या टीचर संध्याकाळी आमच्या हिच्याकडे जोडाक्षरं गिरवायला यायच्या. पंधरा-वीस वर्षं शिकवलेली बाई, पण वही उघडून 'क्ष' आणि 'ज्ञ' काढायची. मला त्यांचं फार कौतुक वाटे.

वर्गात काय चालतं ते त्यांच्याकडूनच कळायचं. त्या म्हणायच्या, पूर्वी इंग्रजी चित्र दाखवलं की मुलं गप्प बसायची, मी सांगेन तो शब्द म्हणायची. आता चित्र दाखवलं की चाळीस तोंडं एकदम उघडतात. कोणी म्हणतं आमच्या विहिरीतही बेडूक आहे, कोणी म्हणतं माझ्या पायने काल नुस्तें आणलं. आधी मुलं बोलायची, मग त्यांच्याच तोंडचं वाक्य फळ्यावर यायचं, मग ते वाचायचं. अक्षर आणि अर्थ एकत्रच डोक्यात जायचे. आमच्या मुलाने एके दिवशी पुस्तकातलं "पावस पडटा" हे वाक्य वाचलं आणि विचारलं, "बाबा, आपलं पावस पडलं कसं?" रत्नागिरीच्या माणसाला पावस म्हणजे स्वामी स्वरूपानंदांचं गाव; कोंकणीत पावस म्हणजे पाऊस. आम्ही पोट धरून हसलो. पण विचार करा, वाचताना त्याला अर्थ लागत होता म्हणूनच त्याला शंका आली. ज्याला अर्थ लागत नाही, त्याला शंकाही येत नाही.

आता दुसरी बाजू. खालच्या मजल्यावर एक तारवटी राहायचे, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. सुट्टीवर आले तेव्हा मला म्हणाले, "साहेब, तुमच्या बँकेतले फॉर्म कोणत्या भाषेत असतात?" मी निरुत्तर. ते पुढे म्हणाले, "पैसेवाले अनुदान नसलेल्या इंग्रजी शाळेची फी भरतील. मातृभाषेचं कर्तव्य काय आमच्याच पोरांनी करायचं?" हा प्रश्न खोटा नव्हता. २०११मध्ये सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला आणि धर्मप्रांताच्या बहुतेक शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या, त्या याच दबावामुळे. त्यावरही मोठी आंदोलनं झाली. त्या राजकारणात आज शिरत नाही.

एवढं मात्र सांगतो की लोकांच्या भाषेतून शिकवणं ही चर्चला परकी गोष्ट नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुईट १५७९ला गोव्यात आले. त्यांनी ओवीबद्ध मराठीत क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ला छापलं गेलं. धर्मशिकवणीची त्यांची प्रश्नोत्तरांची पुस्तिका १६२२ला निघाली, तीही कोंकणीत. स्वतःची भाषा इंग्रजी असलेल्या माणसाला चारशे वर्षांपूर्वी उमगलं होतं की शिकणाऱ्याच्या भाषेत गेल्याशिवाय काही पोचत नाही.

आता माझी चूक. १९९२ला आम्ही रत्नागिरीला परत आलो. धाकट्या मुलीला इंग्रजी शाळेत घातलं. तो निर्णय चुकला असं मी म्हणत नाही. चूक ही की मी घरात फर्मान काढलं, आता मराठी गोष्टीची पुस्तकं बंद, फक्त इंग्रजी! तारवट्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला होता. तिसरीत एकदा तिने इंग्रजी धडा खाडखाड वाचून दाखवला. मी खूश. म्हटलं, "आता काय घडलं ते सांग." ती गप्प. पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य पुन्हा वाचलं. मराठीत सांग म्हटलं, तरी सांगता येईना. पोरगी वाचत नव्हती, नुसते आवाज काढत होती. आणि तिला बिचारीला वाटत होतं की यालाच वाचणं म्हणतात.

मग हिने सूत्रं हाती घेतली. रोज जेवणानंतर मराठी गोष्ट, आणि शाळेतल्या धड्यावर मराठीत गप्पा. सहा-आठ महिन्यांत गाडी रुळावर आली, इंग्रजीसुद्धा. कारण वाचणं म्हणजे खुणांमागचा अर्थ पकडणं, ही किल्ली मूल एकदाच घडवतं. कळणाऱ्या भाषेत ती घडली की पुढे कुठल्याही भाषेच्या कुलपाला ती पुष्कळ उपयोगी पडते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. २०२१ला निपुण भारत अभियान सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट. म्हणजे तिसरीपर्यंत वाचायला शिकायचं आणि नंतर वाचून शिकायचं. पाया कच्चा राहिला तर वरचे मजले कसे होतात, हे आपल्या संस्थेला मी सांगायला नको. गळतीची बिलं आपण भरलीच आहेत!

म्हणून तरुण आई-वडिलांना सांगतो, शाळा तुम्हाला परवडेल, जवळ पडेल आणि जिथे टीचर मुलांशी मायेने बोलतात ती घ्या. पण माध्यम इंग्रजी असेल तर घरची जबाबदारी दुप्पट होते. रोज पंधरा मिनिटं मराठी गोष्ट मोठ्याने वाचा. धडा पाठ झाला का हे विचारू नका, त्यात काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग, म्हणा. पहिलीच्या मुलाला ट्यूशन लावण्यापेक्षा आजीजवळ बसवा. आणि घरात अर्धवट इंग्रजी बोलण्याचा अट्टाहास सोडा. त्याने मूल दोन्हीकडून उपाशी राहतं.

कमिटीला एक विनंती. खालच्या हॉलमधलं जुन्या रेकॉर्डचं कपाट आता रिकामं आहे. त्यात मुलांची पुस्तकं ठेवू. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी तिथे बसेन. कुठल्याही शाळेचं मूल चालेल. चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा वाचायचं त्यांनी आणि ऐकायचं मी.

दहाची बारा मिनिटं झाली, सेक्रेटरी घड्याळाकडे बघतायत. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देतो आणि थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र!