रायफलीचा सायलेन्सर : आखूड कीं लांब ?

आजच्या विषयाचें नांव ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. रायफलीच्या तोंडाशीं लावावयाचा सायलेन्सर आखूड घ्यावा कीं लांब, या प्रश्नाशीं एका निवृत्त शाळामास्तराचा संबंध काय, असें कोणी विचारील. आपल्या देशांत तर हें साधन सामान्य नागरिकास निषिद्ध आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची हौसही इतिहासजमा झाली आहे.

परंतु माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त फिनलंडांत स्थायिक झाला आहे. तेथें शरद ऋतूंत लोक टोळ्या करून मूसच्या शिकारीस जातात. मूस हा हरिणकुळांतील सर्वांत मोठा प्राणी. त्याची संख्या आटोक्यांत राहावी म्हणून दरवर्षीं ठराविक परवाने दिले जातात. हा विद्यार्थीही रीतसर परवाना काढून शेजाऱ्यांबरोबर जाऊं लागला. त्या देशांत शिकारी रायफलीला सायलेन्सर लावतात यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. त्यानें मला पत्र लिहिलें, "गुरुजी, दुकानदार दोन प्रकार दाखवितो. एक वीतभरही नाहीं, हलका आणि सुबक आहे. दुसरा लांब आणि जड आहे. कोणता घेऊं ?" शाळेंत कवाईत आणि नेमबाजी मी शिकवीत असें, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

या साधनाचा जन्म मोठा मनोरंजक आहे. यंत्रबंदूक शोधून काढणारा हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हा जन्मभर बंदुकांच्या सान्निध्यांत राहून उतारवयांत पुरता बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम यानें १९०९ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या सायलेन्सरचें पेटंट मिळविलें. बापानें जगाच्या कानांवर जो भार घातला, तो मुलानें थोडा उतरविला म्हणावयाचा ! नभोवाणीच्या श्रोत्यांना आणखी एक गोष्ट ऐकून आनंद होईल. याच मुलानें १९१४ सालीं हौशी बिनतारी संदेशवाहकांची 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था एका सहकाऱ्याबरोबर स्थापन केली, आणि ती आजही चालू आहे.

आतां या साधनाचें तत्त्व पाहूं. काडतुसांतील दारू पेटली म्हणजे तिचा तप्त वायू प्रचंड दाबानें गोळीमागून नळीबाहेर फुटतो. तोच बाराचा मुख्य आवाज. सायलेन्सर म्हणजे एक पोकळ नळकांडें. त्यांत ओळीनें आडपडदे असतात आणि मधोमध गोळी जाण्यापुरती वाट असते. वायू त्या कप्प्यांत अडतो, फांकतो, निवतो आणि मग बाहेर पडतो. प्रेशर कुकरची शिटी भरल्या दाबांत उचलली तर स्वयंपाकघर दणाणून जातें. तीच वाफ हळूहळू जाऊं दिली तर नुसती सुस्कारते. फरक एवढाच आहे. यावरून हें उघड आहे कीं, आंतली पोकळी जितकी मोठी, तितका वायूला विसावा अधिक. आखूड सायलेन्सरांत जागाही थोडी आणि पडदेही थोडे.

हा फरक आंकड्यांत सांगतों. मोठ्या शिकारी रायफलीचा बार सुमारें १६५ डेसिबलचा असतो. अशा क्षणिक आवाजासाठीं १४० डेसिबल ही धोक्याची मर्यादा मानतात. त्यापलीकडे एकाच बारानेंही कानास कायमची इजा होऊं शकते. चांगला लांब सायलेन्सर साधारणतः ३० डेसिबल उतरवितो, म्हणजे आवाज १३५ वर येतो. आखूड सायलेन्सर २० ते २२ च उतरवितो, म्हणजे तो १४० च्या वरच राहतो. आठदहा डेसिबल हें अंतर क्षुल्लक समजूं नये. दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट! आणि सायलेन्सर हें नांवही फसवें आहे. गोळी सेकंदास ८०० मीटर वेगानें जाते, आवाज सुमारें ३४० मीटर. त्यामुळें हवा फाटल्यासारखा जो कडाका उठतो, त्यावर कोणत्याच सायलेन्सरचा उपाय चालत नाहीं. चित्रपटांतली ती हळूच होणारी 'फुस्स' निव्वळ कल्पना आहे.

मग आखूड कोणी घ्यावा ? लांबाचेंही ओझें असतें. आखूड पंधरा सेंटिमीटरांचा व तीनशे ग्रॅमचा धरला, तर लांब वीस-बावीस सेंटिमीटरांचा व पांचशे ग्रॅमचा भरतो. वजनांतला हा फरक थोडा वाटेल. पण तो नळीच्या अगदीं टोंकाशीं असतो. पाण्याचा तांब्या छातीशीं धरून पाहा आणि मग हात लांब करून धरून पाहा, म्हणजे तरफेचा नियम पुन्हां शिकवावा लागणार नाहीं. दाट झाडींतून दिवसभर हिंडणारास आखूडच सोयीचा. मात्र त्यानें कान झांकलेच पाहिजेत. एके जागीं बसून नेम धरणारास लांबाचा त्रास होत नाहीं. रायफलीची नळीच आखूड असेल, तर तिच्या तोंडाशीं दाब अधिक असतो. तेथें मोठी पोकळीच हवी. तिसराही मार्ग आहे. फिनलंडांत असे सायलेन्सर प्रचारांत आहेत कीं, त्यांचा कांहीं भाग मागें नळीभोंवतीं बसतो. त्यामुळें पोकळी मोठी मिळूनही पुढें लांबी थोडीच वाढते. नळी मात्र त्यांत मावेल इतकी बारीक पाहिजे.

मीं त्याला दोनच प्रश्न विचारले : "दिवसांतून तूं चालतोस किती, बसतोस किती ? आणि बार काढतांना कान झांकतोस का ?" उत्तर आलें, "बहुतेक वेळ एका जागीं बसतों. कान झांकीत नाहीं. कुत्र्यांचें भुंकणें ऐकावें लागतें."

तेव्हां मीं त्याला आजवर न सांगितलेली गोष्ट लिहिली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं एका शिबिरांत मुलें ३०३ रायफलीनें नेमबाजी करीत होतीं. मी रांगेच्या उजव्या टोंकास उभा होतों. कानांत कापसाचा बोळाही नव्हता. तेव्हां त्यांत आम्हांला पौरुष वाटे. त्या संध्याकाळीं डाव्या कानांत जो रातकिडा ओरडूं लागला, तो अजून थांबलेला नाहीं. पुढें वर्गांत डाव्या बाजूच्या बाकांवरून मुलें हळू आवाजांत शंका विचारीत, ती मला ऐकूं येत नसे. आणि गुरुजी मुद्दाम दुर्लक्ष करतात, असें त्यांना वाटे. माझा हा विद्यार्थी त्याच बाकांवर बसत असे.

महिन्याभरानें त्याचें पत्र आलें. नळीवर मागें बसणारा मोठा सायलेन्सर त्यानें घेतला होता. शिवाय हळू आवाज ऐकूं देणारे आणि मोठा आवाज अडविणारे विजेरीवरचे कानटोपही घेतले होते. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, "गुरुजी, तेव्हां मला राग येत असे. आज कारण कळलें."

श्रोतेहो, वस्तु निवडतांना ती हातांत किती सुबक दिसते हें आपण आधीं पाहतों. ती ज्यासाठीं घ्यावयाची, तें तिच्यानें साधतें का, हें आधीं पाहावें. कान एकदां गेला म्हणजे बाजारांत दुसरा मिळत नाहीं.