कर्दळीचं दुखणं
(बाग समितीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून घरटी कर्दळीचा एक कंद द्यायचा, असं समितीत ठरलं होतं. सूचना माझीच होती. आज ती मी मागे घेतोय.

गेटजवळचा वाफा पहिल्या वर्षी बी विंगच्या आजींनी माहेरहून कंद आणून लावला. पुढे दर पावसाळ्याच्या तोंडावर मी ते कंद फोडून विंगाविंगांत वाटले. आज सगळ्या विंगांच्या कर्दळीत एकच विषाणूरोग दिसतो. तो पोचवणारा हात माझा.

ओळखायचा कसा? पानावर शिरांच्या दिशेने फिकट पिवळ्या, तुटक रेघा येतात. पुढे त्या तपकिरी होतात, पान वाळतं. झाड खुजं राहतं, फुलांवर रंगाचे ओरखडे उठतात. पट्टेरी पानांची जात वेगळी. तिचे पट्टे पानोपानी ठसठशीत असतात आणि झाड जोमात असतं. लोह कमी पडलं तर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. लोह मिळालं की सुधारतात. विषाणूच्या रेघा खताने जात नाहीत. मी दोन वर्षं खतच घालत बसलो!

अमेरिकेत हॉस्टा नावाचं शोभेचं झाड आहे. त्याच्या पानांवरची नक्षी नवी जात म्हणून विकली गेली आणि नंतर कळलं, तो विषाणू होता. तिथे 1996 साली ‘हॉस्टा व्हायरस एक्स’ ओळखला गेला. रोगट झाड फोडून वाटलं की रोगही वाटला जातो. वरून निरोगी दिसणाऱ्या झाडातही तो असू शकतो.

यावर औषध नाही. फवारणीने फार तर मावा मरतो. तोही काही विषाणू पसरवतो, म्हणून त्यावर लक्ष हवं. पण झाडातला विषाणू तसाच राहतो. माणसांना मात्र त्याचा धोका नाही, घाबरू नका.

मग करायचं काय? रोगट झाड कंदासकट काढा, तुकडाही मातीत ठेवू नका, पुन्हा फुटतो. ते कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री, सुरी, कुदळ साबणाने धुवा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवून ठेवा. नवा कंद आणला तर एक हंगाम वेगळ्या कुंडीत ठेवून पानं बघा.

आजींच्या घरच्यांना मी विचारलं. ते म्हणाले, “काढा. आईनेही रोगट झाड ठेवलं नसतं.”

तेव्हा येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी या. वाफा मोकळा करू. वर्षभर तिथे झेंडू लावू आणि मागे राहिलेले कोंब दिसतील तसे उपटू. भेटीचे कंद पुढच्या वर्षी देऊ, पारखून.