पारडासह म्हैस घेताना



दुभती म्हैस घ्यायची म्हटले की कोणी सांगोल्याचा बाजार गाठतो, कोणी घोडेगावचा. तिथे ताजी व्यालेली म्हैस उभी असते. कास टम्म भरलेली, पायाशी पारडू. दलाल म्हणतो, "बारा लिटर दूध, डोळे झाकून घ्या!" मंडळी, डोळे उघडायची वेळ तीच. पुष्कळांची म्हैस कर्जाची असते, आणि दूध कमी निघाले म्हणून हप्ता कमी होत नाही.

अशा म्हशीची किंमत तीन वाट्यांत करावी: दूध, म्हशीचे पुढचे आयुष्य आणि पारडू.

दूध : भरलेल्या कासेवर भाव ठरवू नका. एखादी धार चुकवून कास तुंबवण्याची चाल जुनीच आहे. पहिली धार समोर पूर्ण काढायला लावा, पण ती मापात धरू नका. नंतर बारा-बारा तासांनी दोन धारा मोजा. त्यांची बेरीज हे दिवसाचे दूध. त्यासाठी मुक्काम पडला तर पडू द्या, किंवा विकणाऱ्याच्या गोठ्यावर जा. हिशेब बघा. समजा, दुधाला लिटरमागे 50 रुपये मिळतात. सांगितले बारा आणि निघाले दहा, तर रोजचे 100 रुपये गेले; शंभर दिवसांत 10,000.

धार स्वतः काढून बघा. चारही सडांतून सारखी धार यावी. मागच्या दोन सडांना दूध जास्त असते, म्हणून मागचा सड मेलेला असेल तर तोटा मोठा. पहिल्या चिळा काळ्या कापडावर घ्या. गाठी, पाणी किंवा रक्त दिसले तर कासदाह समजा. धार झाल्यावर कास सैल पडली पाहिजे. तरीही घट्ट राहिली तर ती मांसाळ कास. पारडू लावल्यावर पान्हा सोडते, की इंजेक्शन लागते, हेही पाहा.

आयुष्य : तोंड उघडून दात मोजा. दोन दाती म्हैस साधारण तीन वर्षांची, आठ दात पुरे झालेली पाच-सहा वर्षांची. दात झिजून फटी पडल्या असतील तर उतारवय. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची म्हैस परवडते, कारण तिचे दूध अजून चढायचे असते. शेपूट उचलून टाक्यांचे किंवा दोरीचे वण आहेत का बघा. मायांग बाहेर पडणारी म्हैस दर वेताला घोर लावते.

पारडू : आधी ते तिचेच आहे ना, याची खात्री करा. स्वतःचे पारडू म्हैस हुंगते, चाटते. परके असेल तर बहुधा लाथ मारते. 'कालच व्याली' म्हणतात आणि नाळ वाळून गळालेली असेल, तर दिवस लपवले आहेत. पारडी असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही, पण ती दुधाला यायला तीन-चार वर्षे लागतात. उद्याच्या म्हशीचा भाव आज देऊ नका. रेडा असेल तर त्याचा भाव धरू नका. मात्र तो जगवावा लागेल, कारण पारडू दगावले की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात.

तिन्ही वाट्यांची बेरीज घरीच मांडा आणि वरचा आकडा पक्का करा. रुमालाखाली बोटे दाबली जाऊ लागली की माणूस ईर्ष्येला पेटतो. आपला आकडा ओलांडला की हात काढून घ्या. बाजार पुढच्या आठवड्यातही भरतो.

सौदा झाला की पावती घ्या आणि कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर तिच्यावर लिहून घ्या. घरी आणलेली म्हैस तीन आठवडे वेगळी बांधा. पशुवैद्यकांकडून सांसर्गिक गर्भपाताची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो. पारडाला दहाव्या दिवसाच्या सुमारास त्यांच्याच सल्ल्याने जंताचे औषध पाजा.

बाजारात घालवलेला एक जादा दिवस वर्षभराचा घोर वाचवतो.