टिकलीखालचा दिवा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत मोटारीच्या टायरांवर बोलायला उभी राहिलेली बाई आपल्या मंडळाने आजवर पाहिली नसेल. चिटणीसबाईंनी फोनवर मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्या म्हणाल्या, "बरं. पण त्यात आपल्या बायकांना काय?" वर्षापूर्वी मीही हेच म्हटले असते. बोलण्याची लायकी मला एका चुकीने आणून दिली, तेव्हा ती चूकच आधी सांगते.

आमची मोटार २०१२ सालची. घेतल्यापासून तिची सारी उस्तवार आमच्या ह्यांच्याकडे. तेल, पाणी, हवा, सगळे ते स्वतः पाहत. मी चालवत असे, पण चुलीवर कोणी चहा ठेवावा आणि आपण फक्त प्यावा, तसे. त्यातून आपली न्यू जर्सी. इथे १९४९ पासून पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानेच बंदी आहे. खिडकीची काच खाली करायची, कार्ड द्यायचे, काच वर करायची. पेट्रोल भरणारा मुलगा हवा पाहत नाही, आणि ती कोणी पाहायची हा प्रश्न माझ्या मनातही कधी आला नव्हता.

२०२१ साली ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले, बोलणे जड झाले. मोटार माझ्याकडे आली. डॉक्टर, औषधे, भाजी, देऊळ, सगळीकडे मी चालवणार आणि हे शेजारी बसणार. बसले की नजर समोरच्या काट्यांवर. कुठे काही खट्ट वाजले की दिवसभर तोच विचार. बोलता येत नसल्यामुळे तो विचार आतल्या आत फिरत राहायचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एके सकाळी मोटार सुरू केली तर समोर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. मला ते मडक्याचे चित्र वाटले. मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला. मोटार तर नेहमीसारखी चालत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मोटार नुकतीच सरकारी तपासणीत पास झाली होती, म्हणून मी निर्धास्त. त्या तपासणीत २०१० पासून घरगुती मोटारींचा फक्त धूर पाहतात, टायर पाहतच नाहीत, हे मला मागाहून कळले. त्या आठवड्यात ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचे होते. त्यांनी तो दिवा पाहिला असता तर चार रात्री झोपले नसते. म्हणून मी पर्समधले टिकल्यांचे पाकीट काढले आणि त्यातली मोठी काळी टिकली त्या दिव्यावर लावून टाकली.

हसा, हसा. पण मी हे सांगितल्यावर आपल्यातल्याच दोघींनी मला बाजूला घेऊन कबूल केले की त्यांनीही चिकटपट्टी लावली आहे!

आता जानेवारी २०२४. पार्सिपनीला एका भगिनींकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. माझ्या मोटारीत शेजारच्या वहिनी, सांगलीहून आलेल्या त्यांच्या आई आणि वहिनींचा सहा वर्षांचा नातू. परतताना अंधार पडला होता. २८७ नंबरच्या रस्त्यावर मोटार एका बाजूला ओढू लागली. मला वाटले वारा आहे. मग मागून धप् धप् असा आवाज, आणि पाठोपाठ असा हादरा बसला की वहिनींच्या मांडीवरचा तिळगुळाचा डबा खाली सांडला. बाजूने मोठमोठे ट्रक सुसाट चाललेले. मोटार कशीबशी रस्त्याच्या कडेला घेतली. मागचा उजवा टायर बसलेला नव्हे, फाटलेला होता, बाजूच्या चिंध्या लोंबत होत्या.

मदतीचा ट्रक यायला दीड तास लागला. बाहेर बर्फासारखी थंडी. मावशी पैठणीवर शाल घेऊन बसलेल्या, पायात मोजे आणि चपला. एकेक ट्रक जवळून गेला की सगळी मोटार हलायची आणि मावशी माझा हात धरायच्या. मी मनात म्हणत होते, ही पंचाहत्तरी उलटलेली बाई लेकीचा संसार पाहायला सातासमुद्रापलीकडे आली आणि मी तिला कुठे आणून बसवले! इतक्यात तो मुलगा पुढे वाकला आणि नखाने टिकली काढून म्हणाला, "आजी, इथे बिंदी कशाला?" खाली दिवा जळतच होता. कोणी काही बोलले नाही.

ट्रकवाल्याने टायर काढून विजेरीच्या उजेडात दाखवला. त्यात एक स्क्रू रुतलेला होता, घासून गुळगुळीत झालेला, म्हणजे बऱ्याच दिवसांचा. हवा थोडी थोडी जात होती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली की ती जशी गरम होते आणि शेवटी तुटते, तसेच टायरच्या बाजूचे होते. डिक्कीतली स्टेपनी काढली तर तिच्यातही नावाला हवा. ह्या छोट्या स्टेपनीत ६० पौंड हवा लागते, साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, आणि अकरा वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते. दिवाही बहुतेक मोटारींत स्टेपनीचे काही सांगत नाही. ट्रकवाल्याने आपल्या यंत्राने हवा भरली, तासाला ५० मैलांच्या वर जाऊ नका म्हणून बजावले आणि विचारले, "हा दिवा कधीपासून आहे?" मी म्हटले, "ऑक्टोबरपासून." त्याने फक्त मान हलवली.

स्टेपनी ह्यांच्यापासून लपवणे शक्य नव्हते. सकाळी खिडकीतून त्यांना ते बारके चाक दिसले. "स्टेपनी?" एवढेच म्हणाले. मग मी सगळे सांगितले, टिकलीसकट. रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले आणि मग डाव्या हाताने गॅरेजकडे बोट दाखवू लागले. तिथे त्यांच्या पेटीत हवा मोजायचे गेज होते.

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. गॅरेजच्या दारात खुर्ची, खुर्चीत हे, आणि मी चाकाशी उकिडवी. गेज व्हॉल्व्हवर सरळ दाबायचे, फुस्स आवाज आला म्हणजे तिरके बसले, पुन्हा दाबायचे. पहिल्या दिवशी माझे निम्मे काम फुस्सच झाले. आकडे आले २७, २६ आणि २५. ड्रायव्हरच्या दाराची चौकट उघडून पाहिली तर तिथल्या कागदावर ३२ लिहिलेले. हवा भरायची ती ह्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे, बरे का! टायरच्या अंगावर ४४ किंवा ५१ असा जो आकडा असतो तो जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा. तेवढी भरायची नसते.

मग गाडीचे पुस्तक काढले. ते अकरा वर्षे कप्प्यात होते आणि त्यावर मी पार्किंगच्या पावत्या ठेवत होते. त्यात त्या दिव्याच्या दोन भाषा दिल्या आहेत. मोटार सुरू केल्यावर दिवा लागून सरळ स्थिर राहिला तर एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. पण आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर हवा पाहणारी यंत्रणाच आजारी आहे. माझा दिवा ऑक्टोबरपासून दुसरी भाषा बोलत होता. आणि यंत्रणा एकदा आजारी पडली, दिवा कायमचा जळत राहिला, की पुढे खरोखर स्क्रू घुसला तरी तो आणखी काय सांगणार? मी त्याला गप्प बसवले असे मला वाटत होते. तो तर आधीच मुका झाला होता.

जुन्या मोटारींत असे होणारच. चाकाच्या आत व्हॉल्व्हच्या मुळाशी अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजून बिनतारी संदेशाने कळवतो. त्याची बॅटरी आतच बंद केलेली असते, ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षांत ती संपते आणि सगळा सेन्सरच बदलावा लागतो. अमेरिकेत २००० साली टायर फुटून मोटारी उलटण्याचे मोठे प्रकरण गाजले, त्यावरून त्याच वर्षी कायदा झाला, आणि सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या प्रत्येक नव्या छोट्या मोटारीत हा इशारा सक्तीचा झाला. तेव्हा दहा-बारा वर्षांची मोटार जिच्या दारात आहे, तिच्याकडे हा लुकलुकणारा पाहुणा कधी ना कधी येणार.

टायरच्या दुकानात हातातले एक यंत्र चारी चाकांजवळ नेऊन पाहिले. तिघांनी उत्तर दिले, पुढचे डावे गप्प. एका सेन्सरचे मजुरीसकट नव्वद डॉलर सांगितले. मी एकच बदलला आणि पैसे वाचवले म्हणून घरी खूश होऊन आले. जूनमध्ये दुसरा गेला. चौघे एकाच वयाचे, एकामागून एक जाणारच! पण ह्या वेळी लुकलुकणे ओळखता आले. ह्यांनी हिशेब घातला की ऑक्टोबरमध्ये टायर बदलायचेच आहेत. तेव्हा टायर चाकावरून निघणारच, त्याच मजुरीत उरलेले तिन्ही सेन्सर बसवून घ्यावे. तोवर गेजवर भागवावे. आम्ही तसेच केले. ज्यांना चारशे डॉलर जुन्या मोटारीत घालवायचे नाहीत, त्यांच्यावर मी मुळीच टीका करणार नाही. पण मग त्यांनी आपला दिवा नाही असेच समजावे आणि दर महिन्याला गेज हातात घ्यावे. वाईट आहे ते मधले, म्हणजे दिवा नाही आणि गेजही नाही.

थंडीबद्दल विचारायला परवा तिघींचे फोन आले. थंड सकाळी दिवा लागतो आणि दुपारी आपोआप जातो, तर तो खोटा का? खोटा नव्हे. पारा दहा अंश फॅरनहाइट उतरला की टायरमधला दाब सुमारे एक पौंडाने उतरतो. सप्टेंबरात ७० अंशांत ३२ पौंड भरले आणि जानेवारीत २० अंश झाले, की पाच गेले. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखादा पौंड हवा झिरपते. झाले २३. आणि कायद्याप्रमाणे दिवा लागतो तो चौथा हिस्सा हवा कमी झाल्यावर, म्हणजे ३२ चे २४ झाल्यावर. त्या सकाळी माझे २५, २६, २७ निघाले ना, त्यांतल्या एकालाही दिवा लागला नसता, यंत्रणा धडधाकट असती तरी! दूध उतू गेल्यावर हाक मारणाऱ्या शेजारणीसारखा तो आहे. हाक ऐकावी, पण दुधावर नजर आपणच ठेवावी.

हवा पाहायची ती टायर थंड असताना, मोटार निदान तीन तास उभी राहिल्यावर. चालून आल्यावर आकडा फुगलेला दिसतो, तो पाहून हवा सोडायची नाही. काही मोटारींत चाकात सेन्सर नसतोच. चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून मोटार अंदाज बांधते, कारण बसका टायर किंचित जास्त वेगाने फिरतो. वहिनींची तशी आहे. त्यात हवा भरल्यावर बटण दाबून मोटारीला तसे सांगावे लागते, आणि चारी टायर सारखेच उतरले तर तिला पत्ता लागणे कठीण. एक गोष्ट माझ्या हौसेची. व्हॉल्व्हला मी पितळेची सुंदर टोपणे आणली होती. सेन्सरची नळी अॅल्युमिनियमची, त्यात हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ. दोन धातू असे चिकटले की टोपण काढताना नळीच मोडली. पितळ देवघरात शोभते. टोपण साधे प्लास्टिकचे असावे.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आकडे वाचते आणि हे डाव्या हाताने कॅलेंडरवर लिहितात. अक्षर वाकडेतिकडे येते, पण मागच्या वर्षीपेक्षा सुधारले आहे. चार चाके आणि स्टेपनी, पाच आकडे. पाचवा मी विसरले तर खुर्चीवर टकटक होते.

त्यांनी आज माझ्याबरोबर सहा गेज पाठवली आहेत, ती दाराजवळच्या टेबलावर आहेत. आपण सकाळी दहाला आलो, आता दीड वाजून गेला. बाहेर उभ्या असलेल्या सगळ्या मोटारींचे टायर थंड झाले असतील. जेवणाची पाने मांडायला अजून अर्धा तास आहे असे स्वयंपाकघरातून कळले आहे. ज्यांना यायचे त्यांनी कोट घालून माझ्याबरोबर चला, आणि दाराच्या चौकटीवरचा आकडा पाहायला चष्मा घ्या.