दानाची मोटार आणि दानाची कसोटी
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कलशारोहण यथासांग पार पडले. कोणी रोख रक्कम दिली, कोणी दगड-वाळू वाहिली, कोणा माउलीने पायलीभर जोंधळा आणून ओतला. देवाच्या पायाशी हे सारे सारखेच. पण मंदिर उभे राहिले म्हणून दानाचा ओघ थांबत नाही, आणि काळाबरोबर दानाच्या वस्तूही बदलतात. पूर्वी देवाला गाय देत, बैल देत. आज शहरात नावारूपाला आलेला गावचा एखादा सुपुत्र म्हणतो, "नवी गाडी घेतली आहे, जुनी मोठी गाडी संस्थेला देऊन टाकतो." भावना थोरच आहे. मात्र अशा दानाची कसोटी कोणती, याचा विचार देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही करावयास हवा.

ही कसोटी जुनी आहे. कठोपनिषदात नचिकेत्याची कथा येते. त्याच्या पित्याने यज्ञात गाई दान दिल्या. पण त्या कशा, तर शेवटचे पाणी प्यालेल्या, शेवटचे दूध देऊन आटलेल्या. पोर लहान, पण त्याच्या मनाला ते लागले. घेणाऱ्याच्या दारी दूध जाणार नव्हते, केवळ वैरणीचा खर्च जाणार होता. सज्जनहो, ज्याला आपण एसयूव्ही म्हणतो ती आलिशान गाडीही अशीच भाकड गाय ठरू शकते. लिटरला दहा-बारा किलोमीटर धावणारी, जिचे टायर आणि सुटे भाग महाग, जिचा विमा दरसाल भरावा लागतो, अशी गाडी लहान संस्थेच्या अंगणात उभी राहिली, तर दानपेटीतला पैसा तिच्याच पोटात जातो. रुग्णवाहिका करू म्हटले, तर वर दिवा लावून भागत नाही; नियमांप्रमाणे बदल करून तशी नोंद करून घ्यावी लागते.

मग जुनी गाडी द्यायचीच नाही काय? तसे मुळीच नाही. मुंबईच्या मालाड भागातील एका तरुणाची हकीकत २०२१ साली वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली. २०२० च्या करोना साथीत ओळखीच्या घरातील एक भगिनी वेळेवर प्राणवायू न मिळाल्याने दगावली. त्या तरुणाने आपली आवडती मोठी गाडी विकली. सुमारे २२ लाखांची ती गाडी. तिच्या पैशातून १६० प्राणवायूचे सिलिंडर घेतले आणि गरजू रुग्णांना विनामूल्य पोचविले. गाडी गेली, पण कित्येकांचा श्वास राहिला. त्याने आधी गरज पाहिली आणि मग वस्तूचे रूप बदलले. दान योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्री आणि परतफेडीची आशा न धरता द्यावे, असे गीतेचा सतरावा अध्याय सांगतो. ते याहून वेगळे काय?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. गाडीची किल्ली दिली म्हणजे गाडी दिली असे होत नाही. नमुना २९ व ३० भरून आर.टी.ओ.च्या दप्तरी संस्थेचे नाव लागले पाहिजे. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा. विमाही संस्थेच्या नावे करून घ्यावा. नाव बदलले नाही आणि अपघात घडला, तर भरपाईची जबाबदारी दप्तरात ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. पुण्य करावयास जावे आणि कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात, असे कोणाचे होऊ नये.

दुसरे असे की, वस्तुरूपाने दिलेल्या दानावर आयकराची सवलत मिळत नाही. तीच गाडी विकून, मान्यताप्राप्त संस्थेला चेकने रक्कम दिली, तर जुन्या करपद्धतीत नियमाप्रमाणे सूट मिळते. रोखीने दोन हजारांवर दिले तर तीही नाही.

विश्वस्तांसाठीही एक धडा आहे. केरळातील गुरुवायूर देवस्थानाला डिसेंबर २०२१ मध्ये एक नवी थार गाडी अर्पण झाली. पहिल्या लिलावास एकच बोली लावणारा आला आणि गाडी १५ लाख १० हजारांस ठरली. त्यावर हरकत निघाली. जून २०२२ मध्ये फेरलिलाव झाला, तेव्हा त्याच गाडीचे ४३ लाख आले! वस्तू तीच, देव तोच. फरक पडला तो दवंडी चार गावांत पोचल्याचा. देवाची वस्तू विकायची तर उघड्यावर, पुरेशी जाहिरात देऊन, आणि हिशेब फलकावर लावून विकावी.

तेव्हा देणाऱ्याने देण्यापूर्वी एकदा विचारावे, "तुम्हांला काय हवे?" आणि घेणाऱ्यानेही संकोच न धरता खरे सांगावे. गाडी नको, शाळेच्या छपराचे पत्रे हवेत, असे सांगण्यात दात्याचा अपमान नाही. उलट त्याचे दान सार्थकी लागते. पाटीवर नाव कोरले जाईल तेव्हा जाईल. ज्याचे अडले होते त्याचे काम झाले, हीच दानाची खरी पावती.

ग्रामदैवताची कृपा सर्वांवर अखंड राहो, हीच प्रार्थना.