मागचा ॲक्सल निवडताना आधी उतरण पाहावी



पळस्पे फाट्यावरून एक रस्ता न्हावा-शेवा बंदराकडे जातो, दुसरा कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेण-महाडमार्गे गोव्याला, आणि तिसरा खोपोलीहून बोरघाट चढतो. १९८९ साली बंदर सुरू झाले, शेजारी कळंबोलीचा पोलाद बाजार उभा राहिला आणि या परिसराचे पोट ट्रकच्या चाकांवर चालू लागले. या रस्त्यांवर वर्षानुवर्षे राबलेली सहाचाकी गाडी कधी ना कधी मागून घूं-घूं आवाज करू लागते. क्राऊन-पिनियन झिजलेले असते, नाहीतर हाउसिंगला चीर गेलेली असते. मग दुसरा ॲक्सल शोधताना मालक दोन गोष्टी विचारतो: डिझेल किती वाचेल आणि माल किती पेलेल. दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्याआधी तिसरा विचारला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे: भरलेली गाडी घाट उतरताना हा ॲक्सल तिला किती धरून ठेवील?

हिशेब साधा आहे. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ६ असतील, तर जॉइंट शाफ्टचे ६.८३ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. पिनियनला ७ दात असले की हेच प्रमाण ५.८६ वर येते. दहा-वीसचा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. टॉप गिअर थेट असेल, तर इंजिनाच्या २,००० फेऱ्यांना पहिली गाडी ताशी ५६ किलोमीटर धावते आणि दुसरी ६६. सपाट रस्त्यावर तोच वेग कमी फेऱ्यांत मिळाल्याने डिझेल वाचते, हे खरेच आहे. मात्र चाकापर्यंत पोचणारा जोर सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. चढताना हे चालकाला लगेच कळते. उतरताना इंजिनाची धरही तेवढीच घटते आणि त्याच गिअरमध्ये गाडी १७ टक्के जास्त वेगाने सुटते, हे मात्र खरेदीच्या वेळी कोणी बोलत नाही. शिवाय स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या शेपटावरून चालत असेल आणि तो नव्याने जुळवला नसेल, तर काट्यावर ८० दिसत असताना गाडी ९३ ने पळत असते.

खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार जवळपास ५०० मीटरचा धरला, तर १६.२ टन वजनाची गाडी तो उतरताना सुमारे २२ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी करते. हवेचा आणि टायरचा अडथळा त्यातली थोडीच खातो. बाकीची इंजिनाने रोखायची, नाहीतर ब्रेकच्या ड्रमांनी उष्णता म्हणून सोसायची. इंजिनाने जेवढे सोडले, तेवढे लायनरवर पडते, आणि तापलेले लायनर पकड सोडतात. म्हणून दातांचे प्रमाण हा डिझेलइतकाच ब्रेकचाही प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, चालकाने एक गिअर खाली उतरावे, झाले. काही प्रमाणात हे बरोबर आहे. पण गिअर पायऱ्यांचे असतात. पूर्वी तिसरा अचूक बसत असेल, तर आता तिसरा सैल पडतो आणि दुसरा फार संथ. मागून हॉर्न वाजत असताना चालक तिसराच धरतो. आणि उतारात मध्येच गिअर बदलायला जावे, तर जुन्या गिअरबॉक्समध्ये गाडी न्यूट्रलमध्येच अडकण्याची भीती. ज्याची गाडी कळंबोली ते बंदर एवढीच फिरते, त्याने ७ दातांचे पिनियन खुशाल घ्यावे. पण महिन्यातून एकदा का होईना घाट असेल, तर निवड त्या एका खेपेवरून करावी.

दुसरा आक्षेप: मोठ्या गाडीचा दणकट ॲक्सल घातला म्हणजे चिंता मिटली. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, तेव्हापासून हा मोह वाढला. पण कागदावरचा आकडा वाढला म्हणून जुन्या गाडीचे पाटे, चासी, पुढचा ॲक्सल आणि ब्रेक यांचे लोखंड वाढत नाही. गाडीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत भागाएवढीच. मोटार वाहन कायदाही तेच सांगतो: कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जादा मालाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये.

पैशांची अडचण खरी आहे, म्हणून जुना ॲक्सल घेणे गैर नाही. पण तपासून घ्यावा. दोन्ही चाके उचलून बरोबरीने एक फेरा फिरवावीत आणि पिनियनचे फेरे मोजावेत. विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नये. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून बसवलेले असतात, दोन्हींवरचा जोडीचा क्रमांक एकच हवा. दातांना निळा रंग लावून फिरवले की ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला किंवा कडेला उमटला, तर बसवणी चुकलेली आहे. हाफ शाफ्ट फक्त चाक फिरवतो, वजन हाउसिंग वाहते. म्हणून पाट्यांच्या बैठकीजवळ वेल्डिंगची रेघ दिसली, तर तो माल परत करावा.

मूळ गाडीचाच ॲक्सल, मूळ दातांचा आणि त्याच मापाच्या ड्रमांचा, हीच बहुतेक जुन्या गाड्यांसाठी योग्य निवड आहे. बदलायचाच असेल, तर ब्रेक, स्पीडोमीटर आणि नोंदणी यांची जुळवणी त्याच खर्चात धरा. मालकांनो, सौदा करण्यापूर्वी घाट उतरवणाऱ्या चालकाला विचारा. त्याच्या मताला भावापेक्षा जास्त किंमत द्या.